स्लीपरची चौकट

आमचं गाव जंगल खाऊन मोठं झालं. घोटी आणि देवळाली कॅम्पच्या मध्ये, रुळाला खेटून ते बसलंय. त्र्यंबककडच्या डोंगरांतला साग बैलगाड्यांनी इथे यायचा, रुळांखाली टाकायचे जाड स्लीपर त्यातून कापले जायचे आणि मालगाडीच्या वाघिणी भरभरून रवाना व्हायचे. डोंगर बोडके झाले तसं या लाकडासाठी उघडलेलं स्टेशन बंद पडलं. ऐट मात्र राहिली. आमच्याकडचं शेंबडं पोरही 'आमच्या लाकडावर रेल्वे धावली' असं ऐकवतं.

स्टेशन गेलं कुठे म्हणाल, तर घरोघरी. चौकटी, तुळया, गोठ्याचे खांब, सगळं स्लीपरचं. त्यांवर घणाने मारलेला रेल्वेचा ठसा असतो, म्हणून दर दिवाळीला चौकटींना ऑइलपेंटचा जाड थर द्यायची आमची रीत. बाकीची गावं लक्ष्मीसाठी रंगरंगोटी करतात, आम्ही पोलिसांसाठी. आजवर एकही पोलीस चौकट बघायला आलेला नाही, पण रीत ती रीत.

गेल्या वर्षी गावाला स्टेशनची आठवण झाली ती माझ्या काकूमुळे. तिच्या किडन्या गेल्या. डायलिसिसला नाशिक रोडला, मी राहतो तिथे, यावं लागतं, आणि परतताना जीपच्या धक्क्यांनी ती अर्धमेली होते. पॅसेंजर तिच्या दारासमोरून जाते, थांबत नाही. गावाने थांबा मागितला. पाहणीला रेल्वेचे साहेब यायचे ठरले, तेव्हा मीही नाशिक रोडहून रजा टाकून गेलो.

साहेब भला माणूस होता. म्हणाला, "इथं पूर्वी स्टेशन होतं याची एखादी खूण दाखवा, म्हणजे मला वर मांडता येईल."

साहेब सरपंचांच्या अंगणात ज्या बाकावर बसला होता, तो प्लॅटफॉर्मवरचाच होता. आदल्याच दिवशी त्याला पोपटी रंग फासला होता. सरपंचांनी घसा खाकरून गावाच्या वैभवशाली इतिहासावर भाषण ठोकलं. खूण म्हणून बोडका डोंगर दाखवला. मला हसू येत होतं आणि तळपायाची आग मस्तकातही जात होती.

मग काकू उठली. भिंतीचा आधार घेत सरळ साहेबापुढे आली.

"साहेब, तुम्ही बसलाय तो बाक ठेसनाचा हाय. माझ्या घराची चौकट बी तुमचीच. सासऱ्यानं उचलून आणली व्हती. चला, रंग खरवडून दावते."

मी म्हणालो, "खरं आहे ते." पण तोवर सरपंच मध्ये पडले होते. "आजारी हाय बाई. औषधांनी डोकं फिरलंय. आणि हा तिचा पुतण्या, चुलतीला दुखवायचं नाय म्हणून व्हयला व्हय करतोय." आख्ख्या गावाने माना डोलावल्या. एरवी पाण्याच्या टाकीवरूनही या गावाचं एकमत होत नाही.

साहेब हळहळला. पोपटी बाकावरून उठला, काकूला हात जोडले आणि मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाला, "यांची हेळसांड करू नका. नाशिक रोडला चांगल्या डॉक्टरला दाखवा."

काकूचे कान अजून शाबूत आहेत. ती म्हणाली, "त्याच्यासाठीच तर गाडी थांबवा म्हणतोय, साहेब."