तीन आठवड्यांचं लुसाका

माझे मोठे दीर झांबियात तीन आठवडे राहिले आणि पुढची सात वर्षं त्यावर बोलत राहिले. मी आणि माझ्या नवऱ्याने लुसाकात सहा वर्षं काढली होती, पण आम्हाला कधी कुणी काही विचारलं नाही. नवरा मुळात बोलणारा नव्हे आणि मी तर काय, धाकट्या भावाची बायको. भावोजींकडे कॅमेरा होता, आवाज होता आणि आपल्याला सगळं कळतं ही खात्री होती. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, तो मी त्यांच्या रूपाने अनुभवला आहे.

सत्तरच्या दशकात नवरा तिथल्या सरकारी शाळेत गणित शिकवायला करारावर गेला, मागोमाग मीही गेले. करार संपला तेव्हा परत आलो आणि साठलेल्या पैशांत वाशीला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. वाशी तेव्हा सगळी नवी होती. इमारती नव्या, रस्ते नवे, आणि भिंतींची ओलही पहिल्याच वर्षापासून. आमच्या आधी वर्षभर भावोजींनी शेजारच्या इमारतीत जागा घेतली होती, हे मला फ्लॅटची चावी हातात आल्यावर कळलं. नवऱ्याला आधीपासून माहीत होतं. ते मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

भावोजी लुसाकाला आले ते आमच्या शेवटच्या वर्षी. तीन आठवड्यांतला एक आठवडा त्यांनी आमच्या परसातले कच्चे पेरू खाऊन पोट बिघडवून घेण्यात घालवला. उरलेले दोन आठवडे त्यांनी गाडीच्या काचा वर करून शहर पाहिलं. भाजीबाजारात मी उतरले की ते आतून गाडीच्या दारांची कुलपं लावून घेत. माझ्या झांबियन शेजारणीने, ती परिचारिका होती, त्यांना हात जोडून नमस्कार केला, मुद्दाम माझ्याकडून शिकून घेतला होता तिने. भावोजींनी मान हलवली आणि मला मराठीत विचारलं, ही कामाला किती वाजता येते. मी त्या वेळी विषय बदलला. उगाच सोवळेपणा कशाला दाखवू, गेल्यागेल्या सहा महिने मीही कामवालीचा पेला वेगळा ठेवत होते. पण मला निदान लाज वाटायला लागली. भावोजींना ती सोय नव्हती.

मुंबईला परत आल्यावर त्यांनी व्याख्यान बसवलं. नाव ठेवलं ‘ओळख झांबियाची आणि लुसाकाची’. पर्यटकांसाठी तिथे फुकट वाटायचे ते माहितीपत्रक त्यांनी आणलं होतं, त्याचंच मराठी करून पाठ केलं. देशाचा आकार फुलपाखरासारखा. उत्तरेला तांब्याच्या खाणी. राजधानी उंचावर असल्यामुळे हवा थंड. कैरो रोड हा मुख्य रस्ता. ऑक्टोबरात जॅकरांडाच्या झाडांना जांभळा बहर. यात खोटं काही नव्हतं. पण माहितीपत्रक संपलं की चोर सुरू व्हायचे, चोरांनंतर साप आणि सापांनंतर ‘हे लोक’. हे लोक आळशी, हे लोक दारुडे, ह्या लोकांवर विश्वास ठेवायचा नाही. स्वतः काढलेल्या फोटोंच्या पारदर्शिका यंत्राने पडद्यावर दाखवत, निम्म्यांत ते स्वतः उभे. तिथला तो प्रसिद्ध धबधबाही त्यांच्या खांद्यामागून दिसे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक शिक्षकाचं जोडपं भाड्याने राहत होतं. बायको म्हणजे मुलगीच, असेल बावीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली. तिच्या नवऱ्याला त्याच सुमारास लुसाकाच्या एका शाळेचं करारपत्र आलं, विज्ञान शिकवायला. बायकोला सोबत नेता येत होतं, घर मिळणार होतं. फक्त तिचं नाव घालून अर्ज पंधरा दिवसांत पाठवायचा होता. तेवढं साधं काम त्या दोघांच्या हातात नव्हतं. त्यांच्या घरी सून नवऱ्याबरोबर जाणार की सासरी गावाला राहणार, हे सासू ठरवते. सासू कराडजवळच्या गावाहून यायची होती. नवरा आईपुढे तोंड उघडणारा नव्हता. असले नवरे आपल्याकडे जागोजाग मिळतात.

ती मुलगी रोज दुपारी वर यायची. तिथे पीठ कसलं मिळतं, थंडी किती पडते, साडीवर चालतं का, असं विचारत राहायची. मी सांगायची. मक्याचं पांढरं पीठ मिळतं, त्याचा घट्ट गोळा करून भाजीबरोबर खातात. तेल किंवा साबण दुकानात आला की रांगा लागतात, रांगेतल्या बायका तुझी जागा धरतात. कुणालाही काही विचारण्याआधी तू कशी आहेस हे विचारायचं, नाहीतर तुला वळण नाही असं समजतात. पाठीला कापडात मूल कसं बांधायचं ते शेजारणीने मला शिकवलं तेही सांगितलं. ऐकताना तिचा चेहरा असा व्हायचा की मला भीती वाटायची. एवढी आशा माणसाने चेहऱ्यावर ठेवू नये.

एक दिवस ती म्हणाली की सासूबाई शनिवारी येताहेत आणि रविवारी भावोजींच्या व्याख्यानाला त्यांना घेऊन जायचं आहे. भावोजींनी स्वतः बोलावलं होतं. ते ऐकून मग ठरवीन, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. “वहिनी, तुम्ही असाल ना तिथे?” एवढंच तिने विचारलं.

मी त्याच संध्याकाळी भावोजींकडे गेले. त्या मुलीचं सगळं त्या व्याख्यानावर ठरणार आहे, तेव्हा या वेळी चोरांचं जरा कमी करा, असं मी त्यांना शक्य तितक्या गोड आवाजात सांगितलं. ते हसले. लोकांना तेच ऐकायचं असतं, म्हणाले, नुसत्या जांभळ्या फुलांनी माणसं बसून राहत नाहीत. वर मलाच काम सांगितलं. पडद्याला तुझी ती पांढरी दुहेरी चादर आण, आणि पन्नास माणसांच्या चहाचं बघ. मी चादर दिली, चहाही केला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं स्वतःला समजावत साखर ढवळली.

रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या तळमजल्यावर सतरंज्या टाकल्या होत्या. सासूबाई पुढे भिंतीला टेकून बसल्या. ठेंगणी, काटक बाई, कपाळावर मोठं कुंकू, नाकात मोठी नथ नाही की अंगावर दागिना नाही. शेजारी ती मुलगी, मागे तिचा नवरा. मी चहाच्या पातेल्याजवळ उभी राहून त्या तिघांवर लक्ष ठेवणार होते. प्रत्यक्षात मी भावोजींकडेच बघत राहिले. रागाचं तसंच असतं, ज्याचा येतो त्याच्यापलीकडे काही दिसत नाही.

त्यामुळे सासूबाई काय म्हणत होत्या ते मला ऐकू आलं तरी डोक्यात शिरलं नाही. चोरांचं वर्णन झालं तेव्हा त्या सुनेला म्हणाल्या की आपल्याकडेही गेल्या साली गोठ्यातून म्हैस नेली. सापांचं झालं तेव्हा म्हणाल्या, उसात काय कमी हायेत. मक्याच्या पिठाचं ऐकून त्यांनी मान डोलावली आणि भाकरी थापता येईल का, असं मुलाला विचारलं. ही बाई मनाने सुनेचं बोचकं बांधत होती. शहाण्या माणसाला ते दिसलं असतं. मला दिसलं नाही.

शेवटच्या चित्रात आमचं लुसाकाचं घर होतं. खिडक्यांना गज, कुंपणाला कुलूप. भावोजी थांबले, खाकरले, आणि पन्नास माणसांसमोर म्हणाले की बायकांचे तर तिथे फारच हाल, आमच्या ह्या वहिनीनेच सहा वर्षं या पिंजऱ्यात काढली, तिलाच विचारा. मी त्यांची धाकटी भावजय, मला ते एरवी नावाने हाक मारत. लोकांसमोर वहिनी केलं होतं. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. काही बायकांनी हळहळून च्यक् च्यक् केलं.

त्या च्यक् च्यक्ने माझं डोकं फिरलं. मी हातातला ओगराळा पातेल्यात टाकला आणि बोलायला लागले. मोठ्या दिरांसमोर उभं राहून बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, पण त्या दिवशी मी पद्धत धाब्यावर बसवली. म्हटलं, त्या घराची किल्ली माझ्याकडे होती. मी तिथे गाडी शिकले. शाळेत लहान वर्गांना शिकवून माझा पगार माझ्या हातात घेतला. मनात आलं तेव्हा उठले, मनात आलं ते रांधलं, केस कापले, कुठे चाललीस आणि कधी येशील हे मला सहा वर्षांत एका माणसाने विचारलं नाही. माझ्या जन्मातली तीच सहा वर्षं माझी होती. “इथे मला पिंजरा आहे भावोजी,” मी म्हटलं. “तिथे मला सासर नव्हतं.”

मागे काही मुली हसल्या, कुणीतरी टाळीही वाजवली. भावोजींनी यंत्राचा दिवा बंद केला. त्यांचा चेहरा बघून मला इतका आनंद झाला की तो मी लपवलासुद्धा नाही. त्या मुलीकडे मी विजयाने बघितलं. ती मान खाली घालून सतरंजीचे दोरे ओढत होती. लाजली असेल, असं मला वाटलं.

चादरीची घडी घेऊन मी वर निघाले तर जिन्यात सासूबाई थांबल्या होत्या.

“बाई, बोललात ते समदं खरं हाय न्हवं?”

मी म्हटलं, अक्षर न् अक्षर खरं आहे.

“मग माझं ठरलं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “चोराचिलटांचं मला भ्या न्हाई. पोराच्या पोटाला कोन बघनार म्हनून हिला धाडनारच हुते, पोह्यांचं पोतंबी बांधून आनलंय. पर तुमी म्हंता तसं असंल तर सून माझी ऱ्हानार न्हाई. तुमच्याच दिराला तुमी चारचौघांत काय बोललात ते बघितलं की मी.”

मी बरंच काही म्हणाले. मी तशी आधीपासूनच तोंडाळ आहे, त्यात देशाचा दोष नाही, असंही म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत, आणि पदर सावरून खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी मी तिच्या नवऱ्याला गाठलं. तो म्हणाला की आईचं मन मोडता येत नाही, वर्षभराने बघू. मी त्याला बावळट म्हटलं, तोंडावर. त्यानेही काही उपयोग झाला नाही. अर्ज गेला तो त्याच्या एकट्याच्या नावाचा. भावोजींना हे कळल्यावर ते म्हणाले की त्यांचं व्याख्यान नुसती करमणूक नसतं, ते माणसाला विचार करायला लावतं. त्या गोष्टीचं श्रेयही त्यांनी घेतलं, आणि मी ते घेऊ दिलं, कारण खरं सांगायची माझी हिंमत नव्हती.

गावाला निघायच्या सकाळी ती मुलगी वर आली. मी दार उघडलं. तिला काय सांगायचं ते रात्रभर जुळवून ठेवलं होतं. तिने तोंड उघडूच दिलं नाही.

“हाल होतात असं ते म्हणत होते ना,” ती म्हणाली. “तुम्ही नुसतं हो म्हणायचं होतं, वहिनी.”

मी तिला आत बोलावलं, चहा तरी घेऊन जा म्हटलं. सासूबाई खाली थांबल्यात, मी विचारून आलेली नाही, असं सांगून ती भराभर जिना उतरून गेली.