मावशींचं इटालियन

इटालियन येतं म्हणून सांगताना मावशींची जीभ जरासुद्धा अडखळली नाही. विचारणारा होता कोपऱ्यावरचा औषधवाला, आणि तो गोळ्यांची पट्टी कात्रीने कापता कापता विचारत होता. मावशी अर्धं आयुष्य इटलीत काढून परत आल्या आहेत हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. तिथे त्या कुठल्याशा कंपनीत हिशेब बघायच्या, असं त्यांची धाकटी बहीण कौतुकाने सांगायची. बहिणीला ते मावशींनीच सांगितलं होतं.

औषधवाल्याला सिनेमाचं वेड. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तो चित्रपट मंडळ चालवायचा. बंद पडलेल्या एका संस्थेकडून त्याला खोकंभर इटालियन सिनेमे मिळाले होते. प्रत्येक दशकातले, नाना तऱ्हांचे. अडचण एकच, की एकाही सिनेमाखाली भाषांतराच्या ओळी नव्हत्या.

"तुम्ही माइकवर बसा मावशी, आणि ते बोलतील ते आम्हाला आपल्या भाषेत सांगत जा. येतं ना इटालियन?"

"न यायला काय झालं?" मावशी म्हणाल्या.

यायचं ते खरंच यायचं. पण ते कंपनीतलं नव्हतं. एका शहरात तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात मावशी स्वयंपाक, इस्त्री आणि म्हातारीची उठबस करायच्या. भांडी आवर, दार लाव, खिडकी पूस, जिन्यावर पाय वाजवू नकोस, एवढंच इटालियन त्यांच्या कानावरून गेलेलं. त्या घरात बाईसाहेब एखाद्या गोष्टीवर वाद घालू लागल्या की मावशींना तिथून बाहेर जावं लागे. त्यामुळे वादाची, विचाराची, प्रेमाची भाषा दाराच्या पलीकडेच राहिली होती.

पहिले तीन सिनेमे निभावले. एक युद्ध संपल्यानंतरचा, काळापांढरा. त्यातली माणसं भुकेली होती आणि भुकेची भाषा मावशींना शब्द न शब्द कळली. दुसरा घोडेस्वारांचा. त्यात कुणी बोलतच नव्हतं, डोळे बारीक करून बघायचे आणि धाडकन पिस्तूल झाडायचे. तिसरा भयंकर, लालभडक उजेडातला. "कोण आहे? कोण आहे तिथं?" हे मावशींनी असं काही म्हटलं की पुढच्या रांगेतल्या एका काकांचा चष्मा खाली पडला. बहीण पहिल्या खुर्चीवर बसून ऐटीत मागे वळून बघत होती.

चौथ्या सिनेमाने घात केला. मोठं पांढरं घर, श्रीमंत नवरा-बायको, आणि दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. बोलतात तेव्हा असं काही बोलतात की मावशींनी माइक जरा लांब धरला. सुरुवातीला त्यांनी "हो", "नाही", "बघू" यावर वेळ मारून नेली. मग ती बायको खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि सलग, हळू आवाजात बरंच काही बोलली. मावशींना दोनच शब्द कळले. खिडकी आणि उद्या. सगळा हॉल कान टवकारून बसलेला. गप्प बसायची सोय नव्हती.

"मी या घरात पाहुणी म्हणून आले असते," मावशी माइकमध्ये म्हणाल्या, "तर तू मला पाणी तरी विचारलं असतंस."

दिवे लागल्यावर दोन बायका डोळे पुसत होत्या. औषधवाला मावशींचे हात हातात घेऊन म्हणाला, "काय लिहिणारा असेल हो तो!" पुढच्या महिन्याच्या फलकावर ते वाक्य मोठ्या अक्षरांत आलं. खाली लिहिलं होतं, 'मूळ इटालियनवरून'. फलक वाचनालयाच्या दारातच होता. मावशी भाजी आणायला लांबच्या रस्त्याने जाऊ लागल्या. कुणी वाटेत गाठून वाक्याचं कौतुक केलं की त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. लोकांना वाटायचं, बाई किती विनयशील.

पाचवा सिनेमा विनोदी होता. जुन्या वळणाचं भरलेलं कुटुंब, आरडाओरडा, दारं आपटणं. मावशींना जरा हायसं वाटलं. तेवढ्यात पडद्यावर घरकामाची एक पोरगी आली आणि मागोमाग मालकीण.

"हात धुतलेस का? त्या नळावर नाही, मागच्या नळावर. आणि तो कप आमचा आहे, तुझा खाली ठेवलाय. किती वेळा सांगायचं गं तुला? डोकं आहे की खोकं?"

मालकिणीचं पुरं बोलून व्हायच्या आत मावशींचं बोलून झालं होतं. तोच ठसका, तोच नाकातला स्वर. पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे खो खो हसले. पडद्यावरची पोरगी मान खाली घालून काहीतरी पुटपुटली, तेही मावशींनी सांगितलं, "हो बाईसाहेब, चुकलं बाईसाहेब." त्या वेळी मात्र त्यांचा आवाज नकलेचा उरला नव्हता. हसणं मधेच विरलं. पहिल्या खुर्चीवरची बहीण पडदा सोडून मावशींकडे बघत होती.

त्यानंतर मावशींच्या तोंडातून शब्द फुटेना. सिनेमा इटालियनमध्येच पुढे चालला. शेवटी औषधवाल्याने उठून दिवे लावले आणि मावशींचा घसा बसला आहे असं जाहीर केलं.

घरी जाताना बहीण वाटेतच थांबली.

"कंपनीत होतीस ना ताई?"

"होते की. तिघांच्या कंपनीत. नवरा, बायको आणि म्हातारी."

"म्हणजे धुणीभांडी?"

"भांड्यांना मशीन होतं. म्हातारीला नव्हतं."

बहिणीला हसू आलं आणि त्या हसण्याचीच तिला शरम वाटली. "आणि मी तुझ्याकडे अत्तरं मागत राहिले. वर कळवलं, हा वास नको, दुसरा पाठव. मला सांगायला काय झालं होतं?"

"तू सासरी सांगून बसली होतीस, माझी ताई मोठ्या हुद्द्यावर आहे."

"तू सांगितलंस म्हणून मी सांगितलं!"

खोटं आपण बोललो आणि ते बहिणीने इतकी वर्षं डोक्यावर वाहिलं, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. मघाशी हॉलमध्ये वाटली त्याहून ही लाज वेगळी होती. हिला तोंड लपवायला कोपराही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मावशी औषधाच्या दुकानात गेल्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "ते पाण्याचं वाक्य सिनेमात नाही. ते मी मनाने घातलं."

औषधवाल्याने हातातली कात्री खाली ठेवली. "मग ती काय म्हणाली होती?"

"देव जाणे."

"अहो, मी त्यावर वर्तमानपत्रात लेख लिहिलाय! पाऊण पानाचा!" त्याचे कान लाल झाले. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "ते ऐकून घरी जाऊन मी बायकोला पाणी विचारलं होतं. तिला वाटलं मला ताप आलाय." तो हसला नाही. "कुणाला बोलू नका मावशी. माझा आब राहील आणि तुमचाही."

मावशींनी मान डोलावली आणि घरी आल्या. पण पुढच्या वेळी माइक हातात आल्यावर त्यांच्याने राहवलं नाही. आपण कुठे आणि काय काम करत होतो, ते वाक्य कुणाचं, सगळं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. म्हणाल्या, "जिथे कळणार नाही तिथे 'कळलं नाही' असं सांगेन. चालत असेल तर बसते."

औषधवाला खाली बघत होता. एक प्राध्यापक ताडकन उठून गेले, त्यांच्यामागे आणखी काही जण. उरलेल्यांतून मागून एक बाई म्हणाली, "लावा हो सिनेमा."

तो सत्तरच्या दशकातला पोलिसांचा सिनेमा होता, गाड्यांच्या पाठलागांचा. मावशी दर थोड्या वेळाने "हे कळलं नाही" म्हणत होत्या, आणि प्रत्येक वेळी त्यांचे कान तापत होते. सवय झाली नाही. संपल्यावर त्या मागच्या बाईने विचारलं, "तुम्ही तिकडे असले सिनेमे बघायचात का?"

मावशी घुटमळल्या. मग म्हणाल्या, "दुपारी टीव्हीवर लागायचे. म्हातारी खुर्चीत आणि मी इस्त्रीला उभी. हे मारामारीवाले तिला आवडायचे नाहीत. घोडेवाले आवडायचे. रडके लागले की मला म्हणायची, इस्त्री राहू दे, बस. बोलणं कळो न कळो, मी बसायचे."

"कुठे? खुर्चीवर?" बहिणीने विचारलं.

"नाही गं," मावशी म्हणाल्या, आणि पदराने उगाचच माइक पुसू लागल्या. "खाली."

बहीण उठली, स्वतःच्या शेजारची खुर्ची उचलून माइकपाशी घेऊन आली आणि मावशींना खेटून तिथेच बसली. पुढचा सिनेमा कुठला लावायचा यावर औषधवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता.