चादरीखालचा प्रेस

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी पप्पांना पहिलं विचारलं, "खोलीला कुलूप लावलं का?" सुरतेतल्या लिंबायतच्या घरातल्या पुढच्या खोलीत नानांचा प्रेस होता. नाना असते तर त्यांनीही आधी हेच विचारलं असतं.

नाना माझे मोठे काका. जन्मभर दुसऱ्यांच्या कारखान्यांत कपडे प्रेस केले. टिकल्यांचं काम असलेल्या कुर्त्यावर गरम पाटी आली की टिकल्या वितळायच्या. म्हणून त्यांनी स्वतःचा प्रेस बनवला. कुर्ता उलटा ठेवायचा, वरून तापलेली पाटी, खाली हवा ओढून गार राहणारी मऊ गादी. टिकल्या गादीत रुतायच्या आणि वाचायच्या. पेटंटचा अर्ज केला आणि त्या दिवसापासून नानांचा कोणावर भरवसा राहिला नाही. दारात पाऊल वाजलं की प्रेसवर फुलाफुलांची चादर, लोंबणारी कड पायाने आत. चहा घेऊन येणाऱ्या काकूलाही तीच चादर दिसायची. "कोणले सांगू नको," असं मला बजावायचे. मी तर घरातली सगळ्यांत कमी बोलणारी!

मग पेटंट कार्यालयाचा आक्षेप आला. इंग्रजी शाळेतली म्हणून तो वाचायला मी. तापती पाटी जुनी, हवा ओढणारं टेबलही जुनं. दोन्ही जोडणं या धंद्यातल्या कोणालाही सहज सुचेल, असं त्यात म्हटलं होतं.

"मंग आख्ख्या सुरतले हाई काबर सुचनं नही?" आजवर कोणालाच का सुचलं नाही, हा नानांचा अहिराणीतला सवाल.

मला वेगळीच शंका आली. "सहज सुचण्यासारखं नाही म्हणता, तर मग झाकता कशाला?"

त्यांनी चादर आणखी खाली ओढली. मीही त्या चोरांतलीच की काय, असं त्यांना वाटलं असावं... "सुचाले जलम लागस, पोरी. चोराले एक नजर पुरस."

उत्तरात मी तेच लिहिलं, जरा सभ्य इंग्रजीत. नानांनी प्रत्येक वाक्य माझ्याकडून परत मराठीत वदवून घेतलं. सुनावणी ठरण्याआधीच ते गेले.

भेटायला सचिनच्या औद्योगिक वसाहतीतले एक शेठ आले. नाना त्यांच्याकडे काम करायचे. हात जोडलेले, नजर चादरीवर. "बेन, एमां नवुं शुं छे? आवुं तो बधाने आवडे," मला म्हणाले आणि चहा संपल्यावर हळूच, "एक वार जोई लउं?"

नवं काही नाही, कोणालाही जमेल, आणि तरी बघायचं आहे.

मी खुर्ची ओढून प्रेससमोर बसले आणि चादरीची लोंबणारी कड नानांसारखीच पायाने आत सरकवली.