लिफ्टमामांच्या सव्वीस रजा

कचेरीत तिला सगळे रजाताई म्हणत. चोवीस वर्षं रजेचं टेबल तिच्याकडे. कोणाची आत्या वर्षातून तीनदा आजारी पडते, कोणाची पाठ नेमकी सोमवारीच धरते, तिला सगळं तोंडपाठ. थापा मारणाऱ्यावर ती अशी डाफरायची की माणूस खरं कारण सांगून मोकळा व्हायचा. मग तीच गुपचूप त्याचा अर्ज पुढे सरकवायची. तोंडाने फटकळ, पण आतून मऊ बाई.

त्या सोमवारी मात्र तिचं डोकं फिरलं होतं. लिफ्टमामा महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. बत्तीस वर्षं त्यांनी अख्ख्या कचेरीला वर नेलं, खाली आणलं आणि कोणाकडे कधी जास्तीचं काही मागितलं नाही. आता मागितली ती एका दिवसाची रजा, उद्याची, बारा नोव्हेंबरची. नव्या साहेबांनी अर्ज न वाचताच परत पाठवला. शेवटच्या महिन्यात रजा नाही, नियम म्हणजे नियम.

"काम काय आहे ते तरी सांगा मामा," ताई म्हणाली. "मी भांडते."

"घरगुती आहे. राहू द्या ताई." अर्जाची घडी खिशात घालून मामा लिफ्टमधल्या स्टुलावर जाऊन बसले. त्यांचा उतरलेला चेहरा काही तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

त्यातच मामांच्या निवृत्तीचा तक्ता संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. आजवरच्या सगळ्या रजा एकाच चौकटीत, मधे स्वल्पविराम देऊन. जुनी रजिस्टरं कोणीतरी कधीच कॉम्प्युटरवर चढवून ठेवली होती, हजारो ओळी. त्यातून फक्त मामांच्या तारखा उचलून एकापुढे एक जोडणारा फॉर्म्युला ताईने लिहिला आणि एंटर दाबलं. चौकटीत तारखा आल्याच नाहीत. आले ३४२८५, ३४६५०, ३५३८१, ३५७४६ आणि असेच पुढे.

"लॉटरी लागली वाटतं," ती पुटपुटली. दुसऱ्या कोणी ते पुसून टाकलं असतं. पण ताईची जन्मभराची सवय, आकडे दिसले की वजाबाकी. दुसऱ्यातून पहिला गेला, ३६५. तिसऱ्यातून दुसरा, ७३१. चौथ्यातून तिसरा, परत ३६५. ताई ताठ बसली. हे तर दिवस होते. कॉम्प्युटर तारीख लक्षात ठेवतो ती दिवस मोजून, आणि जोडताना त्याने तोच हिशेब बाहेर काढला होता. म्हणजे मामा बरोब्बर वर्षाने रजा घेत होते, आणि एकदा दोन वर्षांनी.

तिने प्रत्येक तारखेला टेक्स्ट फंक्शनमध्ये घालून दिवस, महिना, वर्ष असा साचा दिला. चौकट भरली. बारा नोव्हेंबर, बारा नोव्हेंबर, बारा नोव्हेंबर, सव्वीस वेळा. मधे पाच वर्षं ती तारीख रविवारी आली होती, तेवढीच सुटली. दुसरी एकही रजा नाही, तापाचीसुद्धा नाही. यातले कितीतरी अर्ज तिच्याच हातून गेले होते, पण वर्षाला एक, दर वेळी वेगळ्या रजिस्टरात. आपल्या कधी लक्षात आलं नाही म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

ती कागद घेऊन साहेबांकडे गेली. भांडली नाही. "एवढी एक चौकट वाचा," म्हणाली.

साहेब मोठ्याने वाचू लागले आणि सातव्या तारखेला थांबले. "या दिवशी असतं तरी काय?" त्यांनी मामांना बोलावून घेतलं.

मामा टोपी हातात घेऊन उभे राहिले. "चौथ्या मजल्यावर एक टायपिस्ट होती, साहेब. मी नोकरीला लागलो त्या वर्षी, बारा नोव्हेंबरला लिफ्ट अडकली. अडीच तास आम्ही दोघंच आत. बाहेर आलो तेव्हा लग्न ठरलेलं होतं." ते लाजून जमिनीकडे बघत राहिले. "त्या दिवशी मी लिफ्टचं तोंड बघत नाही. दोघं मिळून कुठल्यातरी गच्चीवर जातो, जिन्याने. ती म्हणते, पुन्हा अडकलो तर या वेळी भांडणच होईल."

साहेब इतके हसले की बाहेरचे दोघे-तिघे डोकावून गेले. मग त्यांनी मामांच्या खिशातला अर्ज मागून घेतला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मामा-मामी कचेरीतच हजर. यंदा गच्ची इथलीच. पाच मजले जिना चढून मामींना धाप लागली होती, तरी त्या खाली येताना ताईच्या टेबलापाशी थांबल्या. ताईने त्यांच्यादेखत यादीच्या तळाशी आजची तारीख घातली. चौकटीच्या शेवटी सत्ताविसावी तारीख आपली आपण येऊन बसली. ताईने कागद छापून हातात दिला, तशा मामी एकेका तारखेवर बोट ठेवून त्या वर्षीची गच्ची सांगू लागल्या. चौथ्या तारखेला वारा फार होता, नवव्या तारखेला पोटात लेक होती. मामा मधेमधे चुका काढत होते. ताईने तो कागद परत मागितला नाही. फाइलसाठी तिने दुसरा छापला.