सोलापुरात हरवलेली चव

सोलापूरला जायचं ठरलं ते एका जिभेमुळे. माझ्याबरोबर शिकलेला डॉक्टर तिथे दवाखाना चालवतो. मुंबईत भेटला तेव्हा सहज म्हणाला की एका विणकराच्या जिभेच्या कडेला कर्करोगाचा व्रण आहे, असेल वाटाण्याएवढा, पण चव पार बिघडलीय म्हणतो. कर्करोगाचं आणि मज्जातंतूंचं एकमेकांशी काय चालतं, हे शोधणं हेच माझं काम. एवढ्याशा व्रणानं सगळी चव बिघडावी? मला राहवेना. रजा टाकली.

रात्रीची मेल धरावी, सकाळी पोचवते. थंडीच्या दिवसांत शाल जवळ हवी. टांगेवाला चार आणे सांगतो, दोनात येतो. मित्राकडे कडक भाकरी, दही आणि शेंगांची चटणी होती. चटणीनं डोळ्यांतून पाणी काढलं, तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

विणकरांच्या पेठेत घराघरांतून मागांची खटखट चालू होती आणि बोलणं बहुतेक तेलुगू. नरसय्या मागावरून उठून आला. बायको राजव्वा शेजारी सुताच्या कांड्या भरत होती. चव तपासायला मी मीठ, साखर, लिंबू आणि कडू क्विनाइन काढलं. त्यानं डोळे मिटून एकेक चाखलं आणि एकही चुकला नाही. क्विनाइनला तर त्यानं असं तोंड केलं की मीच वरमले. चव शाबूत होती! मी मित्राकडे पाहिलं, मित्र छताकडे.

राजव्वा हसायला लागली. "चव न्हाय बाई, चेवी. आमच्यात कानाला चेवी म्हंत्यात. कान बिघडलाय त्यांचा, लई ठणकतोय."

कानात पाहिलं तर काहीच नव्हतं. व्रण जिभेवर आणि ठणका कानात, कारण दोन्हींकडची दुखणी मेंदूपर्यंत नेणाऱ्या वाटा एकमेकींत मिसळतात. मला इतका आनंद झाला की मी तिथेच समजावत बसले. पण नरसय्याचा प्रश्न वेगळा होता. जी जीभ दुखत नाही ती कापायची कशाला? म्हणून तो शस्त्रक्रिया टाळत होता, कानात वैदूचं तेल घालत होता. आणखी उशीर झाला असता तर त्याचा जीवच गेला असता.

"जीभ कापली तर कान थांबंल?" त्यानं विचारलं.

"थांबावा. पण खात्रीनं मला ठाऊक नाही."

त्यानं कोनाड्यातल्या तेलाच्या बाटलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तेलवाल्याला दर खेपेला खात्री असती. मी येतो तुमच्यासंगं."

मुंबईत त्याची अर्धी जीभ काढली. तिचा काप मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर रोगाच्या पेशी मज्जातंतूला वेटाळून पुढे सरकलेल्या. किती वर्षं हेच शोधत होते मी! धावतच वॉर्डात गेले. राजव्वा त्याला पेज भरवत होती. कान थांबला का, मी विचारलं. त्यानं मान हलवली, हो. मग काहीतरी बोलला, ते मला कळलं नाही. मी राजव्वाकडे पाहिलं.

"मलाबी समजंना झालंय, बाई," ती म्हणाली.