अण्णांच्या नावाचा बल्ब

आदगोंडा अण्णांच्या बंगल्यात खोल्या आठ होत्या आणि बल्ब तीन. बाकीचे होल्डर बंगला बांधल्यापासून आ वासून खाली बघत होते. ज्या खोलीत काम असेल तिथं अण्णा हातात बल्ब घेऊन जायचे, होल्डरात फिरवून बसवायचे आणि काम झालं की काढून पुढच्या खोलीत न्यायचे. जुने पिवळे बल्ब होते तेव्हा ते तापायचे, म्हणून अण्णांच्या खांद्यावर कायम टॉवेल असे. पुढं वीज वाचवणारे एलईडी आले. साऱ्या गावाला त्यांचं कौतुक वाटलं ते बिल कमी येतं म्हणून. अण्णांना ते आवडले, कारण ते हाताला चटका देत नाहीत आणि लगेच काढून नेता येतात.

त्यांच्या बायकोला, पद्मावती अक्कांना, या सगळ्याची शिसारी होती. शिसारीच, इथं दुसरा मवाळ शब्द चालायचा नाही. कृष्णाकाठी ऊस, दारात ट्रॅक्टर, बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, पंचांत नवऱ्याचं नाव, आणि घरची बाई मात्र न्हाणीत जाताना भिंत चाचपत जाणार. अक्का लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना वाटलं, घरात ओढाताण असेल, निघतील दिवस. वर्षभरात कळलं की ओढाताण वगैरे काही नाही, ही खोड आहे. आणि जित्याची खोड केव्हा जाते ते आपल्याकडं पोरासोरांनाही ठाऊक आहे.

सगळ्यात हाल व्हायचे स्वयंपाकघरात. मुलगा गोमटेश कुपवाडच्या कारखान्यात कामाला. त्याची पहिली पाळी असली की अक्कांना अंधारातच उठून डबा करावा लागे. चुलीच्या दिवसांत जाळाचा तरी उजेड असायचा. गॅसची निळी ज्योत भांड्याच्या बुडाखालीच संपते. अक्का म्हणायच्या, इथं एक बल्ब कायमचा द्या, तेवढाच. त्यावर अण्णांनी चक्क धर्म काढला.

"अगं, आपल्यात दिस मावळल्यावर जेवत न्हाईत. मग सैपाकघराला दिवा कशाला?"

"आणि पहाटं डबा कोण करतंय?"

"डबा हाताच्या सवयीनं हुतोय. इतकी वर्षं करतीस की."

एकदा अक्कांनी स्वतःच सांगलीहून बल्ब आणला. अण्णांनी तो दुसऱ्या दिवशी दुकानात परत केला आणि येताना बाजारात चादर पसरून बसलेल्या एका माणसाकडून दुरुस्त केलेला बल्ब घेऊन आले. ना खोकं, ना पावती. वर घरी येऊन कौतुकानं सांगत बसले, "त्याला म्हटलं, गॅरंटी काय? तर म्हणतोय, गॅरंटी दुकानदार देत्यात अण्णा, आमी फकस्त दिवा देतो. लय खरा माणूस."

तो खऱ्या माणसाचा दिवा स्वयंपाकघरात लागला. कानाशी चिलट आल्यासारखा तो सारखा गुणगुणायचा, आणि मधूनच डोळा मारल्यासारखा लुकलुकायचा. त्याच्याखाली उभं राहिलं की अक्कांचं डोकं उठायचं. पण दिवा मागितला आणि मिळाला, आता तक्रार कसली, असं अण्णांचं म्हणणं.

त्याच सुमाराला अक्कांची आई गेली. हरणाबाई मिरजेच्या पुढच्या, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावच्या. मुलं त्यांना अव्वा म्हणत. शाळा फारशी नाही, पण बस्तीत बसून शास्त्र वाचायचा त्यांना भारी नाद. शेवटची काही वर्षं डोळ्यांनी दगा दिला. पोथी मांडीवर घेऊन त्या नुसत्या बसायच्या आणि म्हणायच्या, "उजेड कमी पडतोय गं पद्मा." उजेड पुरेसा होता, डोळेच गेले होते. पण ते वाक्य अक्कांच्या काळजात रुतून बसलं.

म्हणून अव्वांच्या वर्षश्राद्धाला जेवणावळ वगैरे न घालता त्यांनी दुधाच्या पैशातून एक बल्ब घेतला. अक्कांच्या सासरच्या गावच्या बस्तीतही एका कोपऱ्यात म्हाताऱ्या बायका संध्याकाळी शास्त्र वाचायला बसत, त्या कोपऱ्यासाठी. सांगलीच्या चांगल्या दुकानात गेल्या, चार बल्ब लावून बघितले, दुकानदाराला म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाला बारीक अक्षर दिसलं पायजे, असला द्या." भावात घासाघीस केली नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांनी एखादी वस्तू अशी घेतली, आणि परत येताना एसटीत ते खोकं मांडीवर धरून बसल्या.

बस्तीत दिव्यावर, पंख्यावर, सतरंजीवर देणाऱ्याचं नाव असतंच. लोक तर काचेवरच मोठ्या लाल अक्षरांत नाव घालतात. मग दिवा नावाला उजेड देतो आणि खाली पोथीवर सावली पडते. अक्कांनी रंगाऱ्याला बजावलं, की नाव वरच्या पांढऱ्या गळ्यावर, उजेडाच्या आड न येता बारीक लाल अक्षरांत घाल. 'कै. हरणाबाई यांच्या स्मरणार्थ.' कुणी वाचलं नाही तरी चालेल. तो दिवा लागला त्या संध्याकाळी शेजारच्या शालूबाई, ज्यांचा एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला, बोट फिरवत सबंध पान वाचून गेल्या. अक्कांना वाटलं, अव्वाच वाचतेय.

मग तांदळाचं ते प्रकरण झालं. उन्हाळा संपता संपता तांदळात पांढऱ्या अळ्या झाल्या. जैनाच्या घरात धान्य निवडणं म्हणजे नुसती स्वच्छता नव्हे; चुलीवर जीव जाऊ नये म्हणून बाई डोळ्यात तेल घालून निवडते. पण डोळ्यात तेल घालून काय उपयोग, वर दिवा तसला. पांढऱ्या तांदळात पांढरी अळी त्या लुकलुकीत दिसली नाही. कारखान्यात चार माणसांत गोमटेशनं डबा उघडला आणि भाताच्या मुदीवर शिजून फुगलेल्या अळ्या बघून बंद केला. रात्री त्यानं आईला हळूच सांगितलं. अक्का मोरीपाशी जाऊन भडाभडा ओकल्या. त्याच भाताचं सकाळी घरानंही जेवण केलं होतं. त्यांनी उपास धरला, तोंडात पाणीसुद्धा नकोसं झालं.

अण्णा म्हणाले, "न दिसलेल्याचं पाप लागत न्हाई."

त्या वाक्याची अक्कांना अळ्यांपेक्षा जास्त किळस आली. त्यांनी सांगून टाकलं, "चांगला दिवा आणा, न्हाईतर उद्यापास्नं पहाटं सैपाकघरात मी पाऊल टाकणार न्हाई. कुठला आणायचा, कसा आणायचा, तुमी बगा."

आणि आश्चर्य म्हणजे अण्णांनी आणला. दुसऱ्याच संध्याकाळी स्वतः स्टुलावर चढून बसवला. असा लख्ख उजेड पडला, की ओट्यावरची मोहरी मोजावी. "सांगलीतनं आणलाय. भारी हाय," अण्णा म्हणाले आणि लगेच खाली उतरले. अक्कांनी ताटभर तांदूळ पसरले. एकेक दाणा दिसत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना नवऱ्याबद्दल काहीतरी मऊ वाटलं. सणवार नसताना त्यांनी पुरण शिजवलं आणि अण्णांच्या ताटात तुपाची धार जरा लांबवली. माणूस उशिरा का होईना सुधारतो, असं त्या शेजारणीला म्हणाल्यासुद्धा. अण्णा खाली मान घालून पोळ्या खात राहिले.

नंतर शेतीच्या कामात अक्कांची संध्याकाळची बस्ती सुटली. सकाळी दर्शन घेऊन यायच्या तेवढंच, तेव्हा दिवे बंदच असत. पर्युषण सुरू झालं तशा त्या पहिल्याच संध्याकाळी शास्त्राला गेल्या. कोपऱ्यात बसून पोथी उघडतात तोच वर काहीतरी गुणगुणलं. मग उजेड डोळा मारल्यासारखा लुकलुकला.

अक्कांनी वर बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. त्या दिव्याखाली त्यांनी कित्येक पहाटा काढल्या होत्या.

शालूबाईंनी पोथी मिटून बाजूला ठेवली होती. म्हणाल्या, "तुज्या आईचा दिवा बरा हुता गं. ह्यो आल्यापास्नं अक्षरं नाचत्यात. मी आता नुसती ऐकाय येती."

मग अक्कांनी वर बघितलं. काचेवर, बरोबर उजेडाच्या आड, ठळक लाल अक्षरांत लिहिलं होतं : 'श्री. आदगोंडा अण्णा यांजकडून सप्रेम भेट.'

घरी आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात. स्टूल ओढलं, बल्ब उतरवला. गळ्यावर थिनरनं घासल्याचा डाग होता आणि डागाच्या कडेला लाल रंगाची एक बारीक रेघ राहिली होती. अव्वाच्या नावाची तेवढीच खूण. देवाला दिलेलं घरात आणायचं नाही, हे त्यांच्यात तान्ह्या पोराला कळतं. आणि त्यांनी त्याच उजेडात पुरण शिजवलं होतं, वाढलं होतं, वर शेजारणीकडं नवऱ्याचं गुणगान केलं होतं.

अण्णा सोप्यात, पुढच्या बैठकीत, बसले होते. अक्कांच्या हातातला बल्ब बघून त्यांनी आधीच बोलायला सुरुवात केली.

"तुज्याच आईचा दिवा तुज्याच घरात आणला. परक्याला दिला असता तर बोलणं बराबर हुतं."

"बस्तीतला दिवा घरात आणला तुमी."

"उजेड आणला. दिवा बस्तीचाच हाय, मी कुठं न्हाई म्हणतोय? आणि तिथली जागा काय मोकळी सोडली न्हाई, दुसरा दिलाय."

"व्हय. नाव घालून दिलाय."

"मग? रिवाज हाय."

अक्कांच्या मनात आलं, चोर बरा, तो निदान रात्री येतो आणि भिंतीवर आपलं नाव लिहून जात नाही. त्या बल्ब तसाच हातात घेऊन बाहेर पडल्या.

बस्तीत बायका अजून बसलेल्या होत्या. अक्कांनी स्टूल घेतलं. नवऱ्याचं बघून बघून बल्ब काढायची कला त्यांनाही आली होती. गुणगुणणारा काढला, अव्वाचा बसवला. उजेड पडला तसा शालूबाईंनी पोथी पुन्हा मांडीवर घेतली. कुणी काही विचारलं नाही. अक्का अण्णांच्या नावाचा बल्ब हातात घेऊन गल्लीतून घरी आल्या. एलईडी चटका देत नाही, हे खरं.

त्यांनी तो सोप्यात लावला, अण्णांच्या खुर्चीच्या बरोबर वर.

अण्णा गडबडले. "आगं, ह्यो बस्तीला दिलेला हाय. आता घरात कसा चालतोय?"

"आवं, दान द्यायचं तर ती वस्तू आदी आपल्याला हवीशी असावी लागती. तुमी अडगळ टाकलीया तिथं. अडगळ परत आणली तर पाप न्हाई." आणि आत जाता जाता सांगितलं, "ह्यो काढायचा न्हाई. ज्या दिवशी काढशीला, त्या दिवशी शास्त्र संपल्यावर सगळ्या बायकांत उभी राहून सांगीन, कुठला दिवा कुठं हुता."

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरासाठी नवा बल्ब आला. खोक्यातला, पावतीचा. अक्कांनी पावती वाचली, दुकानाचा शिक्का बघितला, मगच लावला. त्यांनी अण्णांना काही चांगलं म्हटलं नाही. पुरण तर त्यानंतर त्या घरात सणाशिवाय शिजलं नाही.

सोप्यात पाहुणे येतात, चहा घेतात, मान वर करून वाचतात. बस्तीचे अध्यक्ष आले तेव्हा त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "अण्णा, स्वतःच्याच घराला भेट दिली व्हय?" अण्णांनी पेपर वर धरला. पेपरवरची अक्षरं नाचत होती.

अण्णा आता त्या दिव्याच्या मरणाची वाट बघत बसतात. असले बाजारचे बल्ब महिना काढत नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. संध्याकाळ झाली की ते मुद्दाम बटण दाबतात, रात्रभर चालू ठेवतात, बिलाचा विचारही करत नाहीत. तो गुणगुणतो, लुकलुकतो, आणि जात नाही.