मामाने मेडिकलला मित्राची लघवी दिली होती

सकाळपासून लिहायचं टाळतोय, कारण विषय लघवीचा आहे राव. तर ऐका.

मी सध्या मोशीत मामाकडे पडीक आहे. मामा चाकणला एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये रंगकामाला, ठेकेदाराच्या हाताखाली. त्याच्या लघवीतून रक्त जायचं, दुखायचं मात्र नाही. "उष्णता आहे रे," म्हणत तो धण्याचं पाणी प्यायचा. ठेकेदार काढून टाकेल या भीतीनं कंपनीच्या मेडिकल तपासणीला त्यानं मित्राची लघवी दिली. रिपोर्ट एकदम नॉर्मल!

शेवटी मामीनंच बाथरूममध्ये रक्त पाहिलं आणि त्याला ओढत दवाखान्यात नेलं. मूत्राशयात कॅन्सरची गाठ निघाली. ती दुर्बिणीनं काढली. आज त्या गाठीचा रिपोर्ट आला. (दवाखान्यातून येताना मी भोसरीत वडापावला थांबलो, ते जाऊ द्या.) गाठ वरवरचीच होती, स्नायूत शिरली नव्हती. आता अधूनमधून दुर्बिणीनं तपासत राहायचं.

मामानं मित्राच्या लघवीचं कबूल केल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "यापुढे लघवी स्वतःचीच आणा हं."

मामी म्हणाली, "मी उभी राहते की दाराशी!"

मामा हसता हसता रडला.

तुमच्या घरात कुणी असं लपवतंय का? एकदा विचारा.

थांबा, मामाच्या ऑपरेशनचं ऐकून ठेकेदारच आलाय दारात. मामाला हळूच विचारतोय, "भाऊ, मलाही लाल होतंय. डॉक्टर कुठले?"